नवे सोवळे

सुशिक्षित घरांतून सोवळे गेले, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणत असतो. दांडीवर वेगळे वाळणारे धोतर गेले, चुलीपाशी जाण्यापूर्वीचे स्नान गेले, आणि कोणाचा स्पर्श झाला म्हणून पुन्हा न्हाण्याची पाळी आता सहसा कोणावर येत नाही. हे सर्व खरे आहे. तथापि जसजसा विचार करावा तसतसे आम्हांस वाटू लागते की, सोवळे घराबाहेर गेलेच नाही. ते स्वयंपाकघरातून उठून अभ्यासाच्या टेबलापाशी जाऊन बसले आहे. पूर्वी अन्नाला विटाळ होत असे. आता कामाला होतो. एक खाडाखोड झाली की पान बाटते, दोन गुण कमी पडले की वर्ष बाटते.

अध्यापनाच्या निमित्ताने वाशीम जिल्ह्यातील मुलामुलींशी आमचा बरीच वर्षे संबंध आहे. त्यांतील हुशार मुलांची एक खोड आम्ही नेहमी पाहत आलो. एखादा शब्द चुकला की ती तो खोडीत नाहीत, पानच फाडतात. वही मधोमध टाचलेली असते. त्यामुळे एक पान फाडले की त्याच्या जोडीचे पलीकडचे पान, ज्यावर काहीच चुकलेले नसते, तेही सैल होऊन गळून पडते. दिवाळीपर्यंत शंभर पानी वही निम्मी होते. रिसोडकडील एका खेड्यातून येणारी एक विद्यार्थिनी याच्याही पुढे गेली. तिचे वाचन वर्गात सर्वांहून अधिक होते. परंतु निबंध मागितला की ती रिकाम्या हाताने येई. फार विचारल्यावर खाली पाहून एवढेच म्हणे, “सर, मनासारखा नाही उतरला.” वर्षअखेरीस तिने परीक्षेचा अर्जच भरला नाही. तिला आळशी कोण म्हणेल? तिच्या मनातील निबंध इतका निर्मळ होता की, त्याला शाईचा स्पर्शही तिला सोसवेना.

या वृत्तीला लोक उत्कृष्टतेची आवड म्हणतात. आमच्या मते तिचे खरे नाव भय हे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून प्रथम हसू येते आणि मग काळजात चर्र होते. १८५७ च्या धामधुमीत घराण्यावर आघात कोसळला, आणि त्यानंतर या गृहस्थांचे सोवळे वाढत वाढत मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेले. धुतलेल्या साखरेचे काय उरत असेल, हे वाचकांस सांगावयास नको. जगाने एकदा घाबरविलेला मनुष्य जे हातात आहे तेवढे तरी निष्कलंक ठेवू पाहतो, आणि त्या खटाटोपात तेच विरघळून जाते.

आता याच घराण्याच्या जावयाची गोष्ट पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांस जिंकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी की, याच प्रवचनात मनुष्याने स्वर्गीय पित्यासारखे पूर्ण व्हावे, अशी आज्ञा आहे. निर्दोषतेच्या ध्यासाने पछाडलेल्या मनाला याहून मोठे ओझे ते कोणते? परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डागरहित असा नसून, परिपक्व, आपल्या हेतूस पोहोचलेला असा आहे. शिवाय ती आज्ञा जेथे येते तेथे विषय शत्रूवरही प्रीती करण्याचा आहे. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडणाऱ्या पावसाचा तेथे दाखला दिला आहे. म्हणजे ही पूर्णता प्रीतीची आहे, कामगिरीची नव्हे.

हा भेद आमच्या वाशीमला परका नाही. १९३६ साली अमेरिकेहून आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी येथील रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ उभे केले. त्या ज्या नाझरीन मंडळीच्या होत्या, तिची शिकवण अठराव्या शतकातील जॉन वेस्लीपासून आलेली आहे. आणि ख्रिस्ती पूर्णता हाच त्या शिकवणीचा गाभा. वेस्लीने १७६६ मध्ये या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात तो निक्षून सांगतो की, या पूर्णतेस पोहोचलेला मनुष्यही अज्ञानापासून, चुकीपासून आणि दुबळेपणापासून मुक्त नसतो; केवळ त्याच्या अंतःकरणात देवाची आणि शेजाऱ्याची प्रीती भरून राहिलेली असते. स्वतः ती अवस्था गाठल्याचा दावा त्याने केला नाही.

वेस्लीला हे सहजासहजी उमगले नव्हते. ऑक्सफर्डमध्ये तासातासाचा हिशेब ठेवून, उपासतापास करून त्याने पावित्र्य मिळवू पाहिले. अमेरिकेतील जॉर्जियात धर्मकार्यासाठी जाऊन तो निराश होऊन परतला. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहानशा सभेत, पौलाच्या रोमकरांस पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना, आपण कसेही असलो तरी ख्रिस्ताने आपणांस स्वीकारले आहे याची त्याला खात्री पटली. आमच्याकडे पंडिता रमाबाईंचाही अनुभव याच जातीचा आहे. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अद्याप मिळावयाचा आहे. हे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिले आहे. ज्यांच्या विद्वत्तेस कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकविली, त्यांना विद्वत्तेच्या किंवा पुण्याच्या बळावर नव्हे, रिकाम्या ओंजळीने देवापाशी जावे लागले.

यावर कोणी म्हणेल, “मग चुका कराव्या, गबाळे लिहावे, आणि देव क्षमा करतो म्हणून स्वस्थ बसावे काय?” हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस इस्पितळाचाच दाखला सोयीचा वाटतो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हात किती कसोशीने धुतो! कोणत्याही सोवळ्यातील भटजीने लाजावे. परंतु सोवळ्यातला मनुष्य हात धुतो तो कोणाला शिवावे लागू नये म्हणून, आणि डॉक्टर धुतो तो रोग्याला शिवता यावे म्हणून. काळजी दोघांचीही तितकीच. एकीच्या मुळाशी भय आहे, दुसरीच्या मुळाशी दया. विश्वासाने काळजी कमी होत नाही. तिचे तोंड फिरते. निबंध निर्दोष असावा म्हणून लिहिणारा आरशात पाहत असतो; निबंध कोणास उपयोगी पडावा म्हणून लिहिणारा वाचकाकडे पाहतो, आणि खाडाखोडही त्याच्यासाठीच करतो.

शुभवर्तमानात एक महारोगी येशूपाशी येतो. येशू त्याला दुरून शुद्ध करून मग जवळ घेत नाही; आधी हात पुढे करून त्याला शिवतो. आम्ही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवितो ते मुख्यतः या क्रमासाठी. स्वीकार आधी, शुद्धी मागाहून. ज्या घरात हा क्रम उलटा असतो, त्या घरातील मुले पाने फाडू लागतात. मग ते घर देवळात जाणारे असो की चर्चमध्ये. किंबहुना ख्रिस्ती घरांनीही सावध असावे. रोजची प्रार्थना चुकली, गीत बेसूर झाले म्हणून मुलांचे मुखडे उतरत असतील, तर तेथेही जुनेच सोवळे नवे वस्त्र नेसून आले आहे असे समजावे.

लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या घरचे ते सोवळे एका दिवसात टाकले नाही. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही वेगळे शिजवून जेवल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न मनाशी सोडविल्यावरच त्या मोकळ्या झाल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. कोठल्याही शाळेत न शिकलेल्या या बाईंनी नामांकित कवीचे ते महाकाव्य पुढे लिहावयास घेतले. आपली ओवी त्यांच्या ओवीशेजारी उणी दिसेल, हे त्यांना कळत नसेल असे कोण म्हणेल? तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. रिसोडकडची ती मुलगी पुन्हा कधी भेटली, तर तिला आम्ही हेच सांगू. आणि खाडाखोडीसकट जे काही लिहिले असेल ते आमच्यापाशी घेऊन ये, म्हणू.