जप्तीआधी चौकशी

हट्टी फाईल अशी काही चीज नसते. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य ऐकवले, की समोरचा गिऱ्हाईक हसतो, कारण नेमकी तशीच एक फाईल त्याच्या पडद्यावर ठाण मांडून बसलेली असते. डिलीट दाबून झाले, शिफ्ट धरून दाबून झाले, आणि दर वेळी तीच चौकट: फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. कुठला प्रोग्राम, ते चौकट बहुतेक वेळा सांगत नाही. मग चिडलेला माणूस ‘जबरदस्तीने उडवणारे’ एखादे फुकटचे सॉफ्टवेअर शोधायला लागतो, आणि माझा वाद तिथूनच सुरू होतो. फाईल हटत नाही याचा अर्थ ती कुणीतरी धरून ठेवली आहे, किंवा तुमचा तिच्यावर हक्क नाही, किंवा तिचे नाव आणि पत्ता यंत्राला नीट वाचता येत नाही. ही तिन्ही कारणे वेगळी आहेत आणि तिन्हींवर एकच दांडका चालत नाही. हटवणे हे काम आधी चौकशीचे आहे, जोर लागतो तो नंतर. बऱ्याचदा तो लागतही नाही.

गुजरातमधल्या बारडोलीत हा मुद्दा मांडणाऱ्याला जप्ती हा शब्द फुकटात मिळतो. १९२८ साली या तालुक्यात सारावाढीविरुद्ध सत्याग्रह झाला, त्याची गोष्ट सगळ्यांना वल्लभभाईंच्या ‘सरदार’ या पदवीपुरती ठाऊक असते. मला त्यातला महसुली भाग जास्त मोलाचा वाटतो. महसूल अधिकारी एम. एस. जयकर यांनी ३० टक्क्यांच्या आसपास वाढ सुचवली, मुंबई सरकारने ती २२ टक्क्यांवर आणली, आणि शेतकऱ्यांनी भरायला नकार दिला. सरकारचे उत्तर होते जप्ती. जप्तीवाले निघाले की ढोल वाजायचे, घरांना बाहेरून कुलपे लागायची आणि म्हशी माणसांबरोबर आत बंद व्हायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला दिसायचे फक्त कुलूप. आत कोण आहे आणि का आहे, ते कळायचे नाही. फेब्रुवारी ते ऑगस्ट असा हा खेळ चालला. शेवटी सुटका झाली ती चौकशीने. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून कागद तपासले, तेव्हा ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ उभी होती ते आकडेच कुणी नीट पडताळले नव्हते असे निघाले. १९२९ च्या अहवालात वाढ आली सहा टक्क्यांच्या आसपास. उपमा लंगडी आहे, हे कबूल. फाईलला सदसद्विवेक नसतो आणि डिलीटचे बटण म्हणजे काही मुंबई सरकार नव्हे. मी त्यातली फक्त कार्यपद्धती उसनी घेतो: नकार आला, तर नकाराचे कारण आधी वाचायचे.

सर्वांत जास्त सापडणारे कारण म्हणजे ताबा. कुठलाही प्रोग्राम फाईल उघडतो तेव्हा विंडोज त्याला एक हँडल देते. हँडल म्हणजे ताब्याची पावती समजा. ती मागताना प्रोग्रामला सांगता येते, की मी वापरत असताना इतरांनी वाचले तर चालेल, लिहिले तर चालेल, किंवा पुसले तर चालेल. बहुतेक प्रोग्राम पुसण्याची परवानगी देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. हिशेबाची वही कुणी लिहीत असताना दुसऱ्याने पाने फाडू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. पंचाईत अशी, की ताबेदार नेहमी डोळ्यांसमोर नसतो. वर्ड बंद केल्यासारखे दिसते, पण त्याची प्रोसेस मागे रेंगाळलेली असते. अँटिव्हायरस फाईल तपासत असतो. क्लाउडवर चढवणारा प्रोग्राम तिची प्रत काढत असतो. छपाईच्या कामात तर फॉन्टची फाईल हटवायला गेलात की हमखास नकार मिळतो, कारण तो फॉन्ट सिस्टिमने स्वतःच उचलून ठेवलेला असतो. आणि मला आवडणारा प्रकार म्हणजे खुद्द एक्सप्लोरर: उजवीकडच्या प्रीव्ह्यूच्या खणात फाईलचे चित्र दाखवण्यासाठी त्याने ती उघडलेली असते, आणि तोच तुम्हाला सांगतो की ती कुणीतरी वापरत आहे. तक्रार घेणारा फौजदारच मुद्देमाल घेऊन बसलेला! अशा वेळी प्रीव्ह्यू बंद केला की फाईल निमूट जाते.

ताबेदार शोधायला मोठी विद्या लागत नाही. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर नावाचे साधन असते, त्याच्या सीपीयूच्या पानावर हँडल शोधण्याची एक पट्टी असते. फाईलच्या नावाचा तुकडा तिथे टाकला की ती धरून बसलेल्या प्रोसेसची नावे खाली येतात. याहून बारकाईने पाहायचे तर मार्क रुसिनोविच यांचे प्रोसेस एक्सप्लोरर आहे. त्यांची ही साधने १९९० च्या दशकापासून चालत आली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. नाव कळले की अर्धे काम झाले. तो प्रोग्राम रीतसर बंद करायचा, अर्धवट काम असेल तर सेव्ह करू द्यायचे, आणि मग डिलीट. दोन मिनिटांचे काम.

इथे पहिला आक्षेप येतो, की एवढी चौकशी करायची कशाला, मशीन रीस्टार्ट करा. आक्षेप बरोबर आहे, आणि दहापैकी पाच वेळा मीही तेच सांगेन. रीस्टार्ट म्हणजे सगळ्या ताबेदारांना एकदम जागा सोडायला सांगणे, त्यात जबरदस्तीचा भाग फारसा नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, शटडाउन करून पुन्हा चालू करणे आणि रीस्टार्ट करणे एकच नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो, त्यामुळे काही जुने भाडेकरू पुन्हा हजर असतात. रीस्टार्टला हा आडमार्ग नाही. दुसरी गोष्ट, जो प्रोग्राम मशीन चालू होतानाच स्वतः सुरू होतो, तो तुम्ही माऊस हातात घेईपर्यंत फाईल पुन्हा पकडतो. त्याच्यासाठी विंडोजकडे एक जुनी सोय आहे: पुढच्या वेळी चालू होताना अमुक फाईल पुसा अशी नोंद रजिस्ट्रीत करून ठेवता येते, आणि बाकी कुणी उठायच्या आत, अगदी पहाटे म्हणावे अशा टप्प्यावर, ती अमलात येते. नवे सॉफ्टवेअर बसवल्यावर ‘रीस्टार्ट करा’ असा जो लकडा लागतो, त्यामागे पुष्कळदा हीच यादी असते. ही नोंद करायची तरी कुठल्या फाईलसाठी करायची, ते आधी माहीत असावे लागते. म्हणजे चौकशी टळली नाही, फक्त लांबली.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: हँडल जबरदस्तीने तोडणारी साधने आहेत, ती वापरली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. हँडल म्हणजे प्रोसेसच्या खात्यातला एक आकडा असतो. बाहेरून तो तोडला तरी प्रोग्रामला कुणी कळवत नाही, त्याच्या लेखी आकडा अजून चालूच असतो. थोड्या वेळाने त्याच प्रोग्रामने दुसरी एखादी फाईल उघडली, तर मोकळा झालेला तोच आकडा विंडोज तिला देऊ शकते. आता पहिल्या फाईलसाठीचा मजकूर दुसरीत जाऊन पडणार, आणि पडद्यावर एकही चूक दिसणार नाही. ज्या फाईलला कुणी हात लावला नव्हता ती महिन्याभराने उघडत नाही, तेव्हा त्या दुपारी केलेली जबरदस्ती कुणाला आठवायची? रुसिनोविच यांच्या साधनातही हँडल तोडण्याची सोय आहे, आणि ती वापरताना धोक्याची सूचना येते. ती वाचून बंद करण्यासाठी नसते. या साधनांच्या फुकट नकलांबरोबर भलतेच टूलबार मशीनमध्ये शिरतात, तो मनस्ताप वेगळा.

तिसरा आक्षेप लिनक्सवाले घेतात, आणि थोड्या तोऱ्यात घेतात: आमच्याकडे उघडी फाईलही बिनतक्रार पुसली जाते, हा सगळा विंडोजचा बाऊ आहे. खरे आहे, पुसली जाते. पण काय पुसले जाते ते पाहा. लिनक्समध्ये फाईलचे नाव वेगळे आणि तिचा मजकूर वेगळा. आरएम या आज्ञेने जाते ते नाव. शेवटचा ताबेदार सोडत नाही तोवर मजकूर डिस्कवर तसाच असतो. म्हणून सर्व्हरची डिस्क भरली, कुणी प्रचंड लॉग फाईल उडवली आणि तरीही मोकळी जागा वाढली नाही, असा घोळ होतो. यादीत फाईल नाही, पण जागा अडलेली. उतारा तोच, एलएसओएफ ही आज्ञा चालवून ताबेदार शोधायचा आणि ती सेवा रीस्टार्ट करायची. विंडोज दारात अडवते, लिनक्स आत घेऊन मग अडकवते. पुढे विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्ससारखी पुसण्याची पद्धतही आणली. पण ज्या प्रोग्रामने पुसायची परवानगीच ठेवलेली नाही, त्याच्यापुढे तीही थांबते.

हक्काचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. जुन्या मशीनची डिस्क नव्या मशीनला जोडली, की काही फोल्डर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतात. सिक्युरिटीच्या पानावर मालकाच्या नावाच्या जागी नुसता एक लांबलचक क्रमांक दिसतो, एस-१-५-२१ ने सुरू होणारा. तो जुन्या विंडोजमधला खातेदार, जो या मशीनला ठाऊकच नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आणि वारसाची नोंद झालेली नाही, तसला हा मामला. प्रशासक म्हणून मालकी आपल्या नावावर घ्यायची, मग परवानगी द्यायची, मग पुसायचे. क्रम मोडला तर पुन्हा नकार. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधली फाईल ट्रस्टेडइन्स्टॉलर या सिस्टिमच्याच खात्याच्या नावावर असेल, तर मात्र मालकी ओढून घेण्यापूर्वी स्वतःलाच विचारावे, की ही फाईल मला नक्की का नको आहे?

नावापत्त्याचा घोटाळा मराठीत लिहिणाऱ्यांना जरा जास्तच छळतो. विंडोजच्या जुन्या नियमाने पूर्ण पत्ता २६० खुणांच्या आत बसावा लागतो. डोळा ‘सत्याग्रह’ या शब्दात चार अक्षरे मोजतो. यंत्र नऊ मोजते: स, त, हलन्त, य, काना, ग, हलन्त, र, ह. आता सहकारी संस्थेचे पूर्ण नाव असलेल्या फोल्डरात वर्षाचे फोल्डर, त्यात सभेचे, त्यात इतिवृत्ताचे, अशी उतरंड करा. मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही, आणि नेटवर्कवरून किंवा झिपमधून आलेली अशी फाईल उघडतही नाही आणि हटतही नाही. उपाय हास्यास्पद वाटेल इतका सोपा आहे. वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करा, पत्ता आखडतो, फाईल जाते. लिनक्सच्या सर्व्हरवर हिशेब आणखी कडक. तिथे नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, म्हणजे नाव ८५ खुणांतच संपते. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा राहिली, तरी विंडोज गोंधळते. आणि ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’, ‘एलपीटी१’ ही नावे डॉसच्या काळापासून कीबोर्ड, प्रिंटर अशा यंत्रभागांसाठी राखून ठेवली आहेत. तशा नावाची फाईल कुणी आडवाटेने बनवली, तर साध्या डिलीटला ती सापडतच नाही. पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ घातली, की विंडोज नावाची चिकित्सा सोडून देते आणि कमांडच्या खिडकीतून ती फाईल पुसता येते.

उरतो शेवटचा आणि खरा अवघड आक्षेप: व्हायरसचे काय? तो तर मुद्दामच हटत नाही, त्याच्याशी कसली चौकशी? माझे म्हणणे, त्याच्या बाबतीत चौकशी दुप्पट लागते. पेनड्राइव्हवर फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवणारा व्हायरस घ्या. शॉर्टकट पुसले की दहा सेकंदांत परत येतात, कारण ते बनवणारी प्रोसेस मशीनमध्ये जिवंत असते. पुसणारा परिणाम पुसत राहतो, कारण शाबूत राहते. आधी ती प्रोसेस, मग तिला सुरू करणारी नोंद, आणि शेवटी फाईल, असा उलटा क्रम धरावा लागतो. सेफ मोडमध्ये हे जमते, कारण तिथे पाहुणे कमी असतात. पेनड्राइव्ह स्वतःच काही पुसू देत नसेल, तर तोही वेगळा निदानाचा विषय. फ्लॅश मेमरी झिजली की काही कंट्रोलर ड्राइव्हला फक्त वाचण्यापुरता ठेवतात. तिथे फॉरमॅटचा आग्रह धरू नये. आतला डेटा काढून घ्यावा आणि ड्राइव्ह टाकून द्यावा.

पेनड्राइव्हच्या व्हायरसांच्या साथीत, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधला ऑटोरन आवरता घेण्याच्या आधीच्या वर्षांत, एक नामी युक्ती निघाली होती. व्हायरसला ‘ऑटोरन.आयएनएफ’ नावाची फाईल लागते, म्हणून त्याच नावाचे फोल्डर आधीच करून ठेवायचे, आणि आत ‘एलपीटी३’ने सुरू होणाऱ्या राखीव नावाची एक फाईल टाकायची, म्हणजे व्हायरसला ते फोल्डर हटवता येणार नाही. जुन्या पेनड्राइव्हवर असे फोल्डर अजून सापडते. माणूस त्याच्याशी झटापट करतो, फॉरमॅटपर्यंत येऊन ठेपतो आणि मग टेबलावर ड्राइव्ह ठेवून म्हणतो, हे काही जात नाही बुवा. ते जाऊ नये म्हणूनच कुणीतरी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथे बसवून ठेवले होते.