तू नारळ!

स्लोव्हाकियातल्या कोशित्सेत नोकरीला आलो आणि पहिला कानात अडकला तो 'फाक्त?' अर्थ 'खरंच?' पण मराठी कानाला ऐकू येतं 'फक्त?' तुम्ही घरभाडं सांगता, समोरचा डोळे मोठे करून म्हणतो, "फक्त?"

'फीहा!' म्हणजे आपलं 'अबब'. 'येझिश्मारिया!' म्हणजे 'अरे देवा'. चर्चची पायरी न चढणारेही म्हणतात. आणि सगळ्यांत लाडका 'ति कोकोस!' शब्दशः 'तू नारळ!' तोंडात शिवी आलेली असते, ऐनवेळी ती नारळावर उतरवायची. आपल्या 'आयला'सारखं. दोस्तांत चालतं, साहेबासमोर जपून.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या टीममधले पाच जण कामावरून कमी झाले. ग्रुपवर सगळे इंग्रजीत 'सॉरी टू हिअर' टाइप करत होते. शेजारचा, माझ्याशी कायम इंग्रजीतच बोलणारा, स्क्रीनकडे बघत पुटपुटला, "ति कोकोस..."

मी म्हटलं, आमच्याकडे नोकरीवरून काढण्याला 'नारळ देणं' म्हणतात.

"तो न्येमिस्लीश वाझ्न्ये!" म्हणजे 'चेष्टा करतोयस ना!' तो हसला, मग गप्प झाला. घराच्या हप्त्यांचं बोलला. स्लोव्हाकमध्येच, सावकाश, मला कळेल असं.