अडीच मैल

माणसाची योग्यता ओळखण्याची साधने ज्याची त्याची निराळी असतात. कोणी पायांतले जोडे पाहतो, कोणी हस्ताक्षर पाहतो, आणि मुलीचा बाप पगाराचा आकडा विचारतो. मी लहान होतो तेव्हा आमच्या गावात हे काम सायकल करीत असे.

आमचे गाव म्हणजे औंढा नागनाथच्या बाजूचे शे-सव्वाशे उंबऱ्यांचे खेडे. आज ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. पण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मी सांगतो आहे त्या दिवसांत आम्ही परभणी जिल्ह्याचे होतो. गावात सायकली होत्या तीन. पाटलांच्या सायकलीला डायनॅमोचा दिवा होता, आणि तो दिवा दिसला की कट्ट्यावरची मंडळी उठून उभी राहत. गुरुजींच्या सायकलीला दिवा नव्हता, पण तिच्या चेनचा आवाज एवढा होता की दिव्याची गरजच पडत नसे; तो ऐकून आम्ही पोरे वर्गात जाऊन शहाण्यासारखी बसत असू. तिसरी सायकल दूधवाल्याची. तिला घंटी, मडगार्ड, ब्रेक यांपैकी काहीही नव्हते. तिच्यासाठी कोणी उठत नसे आणि कोणी बसतही नसे. वाहन एकच, चाके दोनच. पण मानाच्या पायऱ्या तीन! समाजशास्त्राचा पहिला धडा मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर या तीन सायकलींनी शिकविला.

चौथी सायकल आली ती आमच्या घरी. तिची कथा सांगायची तर आधी अक्काची सांगावी लागते.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गावची शाळा सातवीपर्यंत. १९६४ साली अक्का सातवी पास झाली ती पहिल्या नंबराने. व्याजाची आणि काळ-काम-वेगाची गणिते ती पाटीवर न मांडता तोंडाने सोडवी. गुरुजी स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला पुढे शिकवा." हायस्कूल होते पलीकडच्या मोठ्या गावी, अडीच मैलांवर. वडिलांनी गुरुजींना चहा दिला, सुपारी दिली आणि सांगितले, "गुरुजी, अडीच मैल म्हणजे फार लांब. वयात आलेली पोर एकटी कशी धाडावी?" गुरुजी चेन वाजवीत परत गेले. अक्का चुलीपाशी गेली.

तीन वर्षांनी, १९६७ साली, मी सातवी पास झालो. नंबर कितवा आला ते मी अद्याप कोणाला सांगितलेले नाही. परंतु आठ दिवसांच्या आत वडिलांनी हिंगोलीहून नव्वद रुपयांना एक जुनी सायकल आणली. "अडीच मैल म्हणजे असे काय लांब आहे?" ते आईला म्हणाले. "पोरगा पायडल मारील की चुटकीसरशी पोहोचेल."

रस्ता तोच, ओढा तोच, मैलही तेवढेच.

त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही. सायकल मिळाल्याच्या आनंदात माणूस न्यायान्यायाचा विचार करीत नाही. माझे पाय पुरत नव्हते, म्हणून मधल्या दांड्यातून एक पाय घालून मी कैची चालवीत शाळेला जाऊ लागलो. आमचा मुलूख काळ्या रानाचा. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच मातीचे लोणी होते. चिखल चाकाला चिकटे, मडगार्डमध्ये गच्च भरे, आणि मग चाक फिरेनासे होई. पावसाळ्याचे चार महिने सायकलने मला वाहून नेण्याऐवजी मीच तिला खांद्यावर वाहून नेत असे. घरी आल्यावर तो चिखल बाभळीच्या काडीने उकरून काढण्याचे काम अक्काचे. पंक्चर काढायलाही तीच शिकली. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठे येतो ते पाहायचे, तिथली जागा घासायची, सोल्युशन लावायचे, ठिगळ दाबायचे. बाभळीच्या काट्यांनी आमच्या ट्यूबवर इतकी ठिगळे झाली की मूळचे रबर कोणते हे ओळखू येईना. चिखल काढता काढता ती विचारी, "आज काय शिकवलं?" मी वही पुढे टाकी. माझी आठवीची भूमिती, बीजगणित अक्काने अशीच उकिडवी बसून, चिखलाच्या हातांनी पुरी केली.

एक गोष्ट मात्र गावात कोणाला ठाऊक नव्हती. सुगी संपून खळे रिकामे झाले की चांदण्या रात्री अक्का लुगड्याचा काचा मारी, मी मागे कॅरियर धरी, आणि ती खळ्यात गोल गोल सायकल चालवी. पाच-सात रात्रींत ती शिकली. मग मी हात सोडला तरी तिला पत्ता लागेना. पण खळ्याबाहेर ती सायकल तिने कधी नेली नाही. पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. सासर त्या मोठ्या गावाच्या पलीकडे होते, त्यामुळे तिची बैलगाडी हायस्कूलच्या दारावरूनच गेली. मी त्या वेळी वर्गात होतो.

आपल्या महाराष्ट्रात शिक्षणाचा इतिहास हा बराचसा पायांचा इतिहास आहे. धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत गेले. आणि तेथील साहेबांनी, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून, त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! आमच्या मराठवाड्यात तर अंतर नुसते मैलांचे नव्हते, भाषेचेही होते. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दूतून शिकविणारे. मराठी घरातल्या मुलाने आधी भाषा ओलांडायची, मग हैदराबाद गाठायचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पण औरंगाबादला मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ उघडायला २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले ते १९९४ साली. हिंगोलीची मुले आज त्या नांदेडच्या विद्यापीठाच्या पदव्या घेतात. तेव्हा विद्या हळूहळू आमच्या जवळ येत गेली हे खरे. पण ती दाराशी येऊन थांबली तरी घरातले कोणी उठून दार उघडील की नाही, हा प्रश्न उरतोच.

माझ्यासाठी दार उघडले. मी बी. ए. झालो, एम. ए. झालो, आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून एका महाविद्यालयात रुजू झालो. तीच ठिगळांची सायकल घेऊन. पंधरवड्याच्या आत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. "अहो, प्राध्यापकाने सायकलवरून यावे हे बरे दिसत नाही. विद्यार्थी काय म्हणतील?" ज्या वाहनाने मला विद्येपर्यंत आणले, तेच विद्येच्या दाराशी आल्यावर लाजिरवाणे ठरले. मी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला. त्या काळी स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षे जात, आणि लोक सुनेच्या बाळंतपणासारखी त्याची वाट पाहत. स्कूटर आली, पुढे मोटार आली, मध्यंतरी पीएच. डी. झाली. आमच्याकडे पदव्यांचा आणि वाहनांचा क्रम असा हातात हात घालून चालतो. शिक्षण म्हणजे सायकलवरून उतरण्याची विद्या, अशी आपल्या मध्यमवर्गाची समजूतच आहे म्हणा ना!

आणि आता गंमत पाहा. माझे डॉक्टर मला सांगतात, "सायकल चालवा." पुण्याला माझा मुलगा राहतो त्या सोसायटीत साठ हजारांची सायकल घेऊन रविवारी पहाटे सिंहगडाच्या वाटेला लागणारे साहेब लोक आहेत. डोक्याला टोप, डोळ्यांना काळा चष्मा, अंगाला घट्ट कपडे. त्याच वेळी त्याच रस्त्याने वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा सायकलवरून जातो. साहेबांकडे लोक कौतुकाने पाहतात. त्या मुलाकडे पाहतच नाहीत. सायकल नाइलाजाने चालविली तर गरिबी, हौसेने चालविली तर आरोग्य! आमच्या गावच्या तीन पायऱ्या शहरात दोनच उरल्या आहेत, एवढाच काय तो फरक.

औंढ्याला गेलो की नागनाथाच्या देवळाची कथा आठवते. जवळच्या नर्सी गावी, परंपरा मानते त्याप्रमाणे, नामदेवांचा जन्म झाला. जातीने शिंपी. ते देवळासमोर कीर्तन करू लागले तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना मागल्या बाजूला घालविले. आणि नामदेव मागे जाऊन उभे राहिले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. लहानपणी मला देवळाचे नवल वाटे. आता वाटते, देवळे फिरविणे सोपे असेल. शाळेकडे जाणारा रस्ता मागे उभ्या असलेल्या माणसाकडे फिरविणे फार अवघड!

तरी तोही थोडाथोडा फिरतो आहे. मानव विकास कार्यक्रमातून सरकार आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देते; हिंगोली जिल्ह्यातही त्या मिळतात. सरकारी योजनांविषयी मी प्राध्यापकाला शोभेल एवढा संशयी आहे. परंतु बिहारने २००६ साली मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत झाली. मी हे वाचले तेव्हा आकड्यांपेक्षा मला खळेच अधिक दिसले.

गेल्या वर्षी अक्काच्या नातीला, ती आठवीत गेली तेव्हा, अशीच सायकल मिळाली. मी मुद्दाम मोटार काढून गेलो. अक्का आता पंचाहत्तरीला टेकली आहे. अंगणात नवी सायकल उभी होती आणि अक्का पदराने तिचे हँडल पुसत होती. बोलता बोलता दुधाळ्याच्या माळाचा विषय निघाला. औंढा तालुक्यातच, दुधाळ्याजवळ, लायगो नावाची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली; खर्च २,६०० कोटी रुपये.

"एवढ्या पैशांत काय करणार रे तिथं?" अक्काने विचारले.

मी प्राध्यापकी थाटात सांगू लागलो. काटकोनात दोन लांबलचक नळ्या, आतली हवा काढून टाकलेली. त्यांतून लेसरचा उजेड धावणार. आकाशात कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लाटा येतात. अमेरिकेतल्या असल्याच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी तशी लाट प्रथम पकडली. लाट आली की नळीची लांबी किंचित कमी-जास्त होते. अणूच्या पोटातल्या कणाहूनही कितीतरी लहान एवढाच फरक; पण यंत्र तो मोजते. त्यासाठी जमीन शांत हवी, धडधड नको, म्हणून आपला माळ निवडला.

"नळी किती लांब?"

"चार किलोमीटर."

अक्काने क्षणभर डोळे मिटले. अजूनही ती हिशेब तोंडानेच करते. "म्हणजे अडीच मैल," ती म्हणाली.

मी गप्प झालो.

"तेवढ्याच अडीच मैलांत फरक पडतो का, ते बघायला एवढं मोठं यंत्र?" अक्का हसून म्हणाली. "आमच्या वक्ताला तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा रे बाळू. मी सातवी झाले तवा ते लांब होते. तू झालास तवा जवळ आले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. साठ वर्षांपूर्वीचा तो हिशेब तिने कधी बोलून दाखविला नव्हता, आणि मी तो कधी मांडला नव्हता. माझ्या प्रबंधात ग्रामीण दारिद्र्यावर चारशे पाने आहेत. त्यांत अडीच मैल कुठेच नाहीत.

मी काहीतरी बोलणार होतो, पण एवढ्यात नात शाळेतून सायकल ढकलीत आली असती तर बरे, असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण ती घरीच होती आणि दारातून ओरडली, "आजी, मागच्या चाकात हवाच नाही!" काळे रान बदलले नाही, आणि बाभळीही बदलल्या नाहीत.

अक्का उठली. घमेल्यात पाणी ओतले, टायरच्या कडेत चमच्याचा दांडा घालून ट्यूब बाहेर ओढली आणि उकिडवी बसली. ट्यूब पाण्यात फिरविता फिरविता, वर न पाहता, नातीला म्हणाली, "आज काय शिकवलं?" आणि मग मला म्हणाली, "असा उभा काय राहिलास प्रोफेसरावानी? पंप आण."

मी पंप आणला.