टीव्हीवालं कार्ड

आमच्या घरात दोन संगणक आहेत. एक चिरंजीवांनी दिलेला, पातळ, मांडीवर मावणारा. त्याच्यावरच मी हे लिहिते आहे. दुसरा २००४ सालचा, पांढुरका पत्र्याचा डबा. तो सुरू केला की शेजारच्या वहिनी विचारतात, "पिठाची गिरणी घेतलीत का?" दर दिवाळीला मुलगा म्हणतो, "आई, तो भंगारात कधी देणार?" आणि दर दिवाळीला मी विषय बदलते. आज एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढच्या दिवाळीला चकल्यांवर बोलता येईल.

त्या डब्यात एक कार्ड आहे. त्याचं नाव 'ऑल-इन-वंडर'. कॅनडातल्या एटीआय कंपनीचं. या नावाचं पहिलं कार्ड १९९६ साली आलं, माझं त्यानंतरच्या ९६०० मालिकेतलं. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवायला ग्राफिक्स कार्ड लागतंच. या मंडळींनी त्याच कार्डावर टीव्हीचा ट्यूनर बसवला. मागच्या बाजूला केबलची वायर लावायची, की संगणकाच्या पडद्यावर टीव्ही दिसू लागतो, आणि दिसतो ते हार्ड डिस्कवर साठवताही येतं. नुसतं टीव्ही ट्यूनर कार्ड वेगळं मिळायचं, ते स्वस्तही असायचं. पण मुलाला गेम खेळायला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं आणि मला टीव्ही. एका खर्चात दोन भांडणं मिटली. (मिटली म्हणजे काय, रात्री नऊला संगणकापुढे कोण बसणार हे भांडण नवीन सुरू झालं. असो.)

न्यू जर्सीचे दीर म्हणाले होते, "वहिनी, मी इथून आणतो, स्वस्त पडेल." मी नको म्हटलं. अमेरिकेतला टीव्ही ५२५ ओळींचा आणि सेकंदाला ३० चित्रांचा, आपला ६२५ ओळींचा आणि २५ चित्रांचा. तिकडचा ट्यूनर इथे आणून करणार काय? शेवटी मुंबईच्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून पाल पद्धतीचं कार्ड आणलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकला येऊन बसवून दिलं.

हे यंत्र करतं काय, ते मला समजून घ्यायचंच होतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय! केबलमधून येणारा सिग्नल म्हणजे नुसती चढउतार होणारी लहर. ट्यूनर त्यातून एक वाहिनी निवडतो, मग दुसरी चिप त्या लहरीचे आकडे करते. ६२५ पैकी चित्राच्या ओळी ५७६, आणि एका ओळीत ७२० ठिपके धरले, तर सेकंदाला वीस एमबी माहिती होते. तासाला पंचाहत्तर जीबी! माझी अख्खी हार्ड डिस्क होती ८० जीबीची. म्हणून चित्र दाबून लहान करायचं. फळ्यावर तारीख आणि विषय तसाच ठेवून आपण फक्त खालचं गणित पुसतो ना, साधारण तसंच. चित्रात बदललं असेल तेवढंच नव्याने लिहायचं. मग तोच तास दोन-तीन जीबीत बसतो.

आणखी एक गंमत. जुना टीव्ही पूर्ण चित्र एकदम काढतच नाही. कवायतीला आधी विषम क्रमांकाची मुलं पुढे यावीत आणि मग सम क्रमांकाची, तशा आधी विषम ओळी येतात, मागून सम. मधल्या क्षणी कोणी हात हलवला तर संगणकाच्या पडद्यावर त्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. ही फणी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

८ जून २००४ ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकला. बातम्यांत दाखवलेलं ते अधिक्रमण हे माझं पहिलं रेकॉर्डिंग. डिसेंबरात सुनामी आली, तेव्हाच्या बातम्याही मी साठवल्या आणि सीडी करून नववीच्या वर्गाला दाखवल्या. भूगोलाच्या पुस्तकातली किनाऱ्याची आकृती आणि ते पाणी, यात किती अंतर आहे हे मुलांना सांगावं लागलं नाही. स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, "हे चालतं का हो?" चालतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वतःच्या वापरासाठी किंवा खरोखरीच्या शिकवण्यासाठी केलेल्या अशा रेकॉर्डिंगला मुभा आहे. अडचण कायद्याची नव्हतीच, लोडशेडिंगची होती. यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा. माझ्याकडच्या निम्म्या कार्यक्रमांना शेवट नाही.

पण खरं काम केलं ते एका बाजूच्या छिद्राने. कार्डाबरोबर एक झुपकेदार केबल आली होती, तिला पिवळं-पांढरं-तांबडं अशी तीन भोकं. कॅमेरा किंवा व्हीसीआर जोडायला. त्यांच्याकडे वर्षभर माझं लक्षच नव्हतं.

माझा धाकटा भाऊ मस्कतला होता. १९९२ साली तो व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावी आला आणि दिसेल त्याचं शूटिंग करत सुटला. त्या कॅसेटमध्ये आमचे अण्णा सात मिनिटं आहेत. विहिरीवर तेव्हा विजेचा पंप बसून कितीतरी वर्षं झाली होती, मोट कधीच गेली होती, बैलही गेले होते. भावाने सहज विचारलं आणि अण्णा धावेवर जाऊन उभे राहिले. हातात नाडा नाही, सोंदूर नाही, आणि हा माणूस दोन्ही हातांनी हवेत मोट भरतोय, थारोळ्यात रिकामी करतोय, आणि मागे सरकताना "हौश्या... पाखऱ्या..." अशी बैलांना हाक मारतोय. अण्णा १९९४ साली गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

२००५ च्या पावसाळ्यात ती कॅसेट काढली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. बुरशीची टेप तशीच घातली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि टेपही जाते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने कॅसेट उघडून, टेप हाताने पुसत पुसत दुसऱ्या डबीत भरून दिली. "ताई, एकदाच चालवा," म्हणाला. घरी आले, पिवळी वायर पिवळ्या भोकात घातली, यूपीएस चार्ज आहे ना ते पाहिलं, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. हे शेजारी बसले होते. त्या सात मिनिटांत दोघंही एक शब्द बोललो नाही. लाइट गेले नाहीत.

त्या चित्रात अण्णांचे हात हलतात तिथे फणीचे दात दिसतात. भाचा म्हणाला, "मावशी, सॉफ्टवेअरने काढून टाकतो, गुळगुळीत होईल." मी त्याला वेगळी प्रत काढून दिली, मूळ फाईल तशीच ठेवली. गुळगुळीत केल्यावर हाताची बोटं पुसट होतात. मोटेचा दोर धरणारी बोटं आहेत ती.

पुढचं थोडक्यात सांगते. एटीआय २००६ साली एएमडीने विकत घेतली, २००८ साली या नावाचं शेवटचं कार्ड आलं. नाशिकला केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्यानंतर आमच्याकडे सेट-टॉप बॉक्स आला आणि माझ्या कार्डाच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या. डिजिटल सिग्नल आधीच आकड्यांत, वर कुलूप लावलेला. जुन्या ट्यूनरला त्यातलं काही कळत नाही. टीव्ही बघायला म्हणून घेतलेल्या कार्डाचा टीव्ही असा संपला. पिवळं भोक मात्र चालू आहे.

मुलगा म्हणतो, हे काम आता अंगठ्याएवढं यूएसबीचं यंत्र करतं. करतं, मी मागवून पाहिलं. जुन्या टेपचं चित्र डगमगलं की माझ्याकडच्या यंत्रात आवाज मागे पडत जातो, ओठ आधी हलतात. माझं जुनं कार्ड बरं सांभाळून घेतं. आणि खरी चिंता कार्डाची नाहीच, व्हीसीआरची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि शेवटपर्यंत बनवणारी तीच उरली होती. माझ्याकडे एक चालू आहे आणि एक सुट्या भागांसाठी.

शिवाय या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून सध्या मी सुमनमावशीला घेऊन बसते. मावशी एक्याण्णव वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण १९८९ च्या मुंजीतल्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं होतं आणि का, हे तिला पाठ आहे. कॅसेट चालू असते, ती नावं सांगते, मी वहीत मिनिट आणि नाव लिहिते. आतापर्यंत पाच कॅसेट झाल्या, सहा उरल्या आहेत. तिला अर्ध्या तासावर बसवत नाही, आणि थंडीत तर तेवढंही नाही.

तेव्हा नातेवाईकांनो, ज्यांच्या माळ्यावर कॅसेट आहेत त्यांनी थंडीच्या आधी पोचवा. स्वतः चालवून बघू नका, बुरशी दिसली तर नुसतं सांगा. आणि मुंजीच्या कॅसेटमध्ये बेचाळिसाव्या मिनिटाला, मांडवाच्या खांबाला टेकून, हिरव्या काठाची पांढरी साडी नेसलेली एक बाई उभी आहे. भिक्षावळ चालू असताना तीच एकटी रडते आहे. मावशीला ती आठवत नाही. कोणी ओळखलं तर मला फोन करा, दुपारी चारनंतर.