आधी तळ, मग टप

जुनी फोर बाय फोर घेऊन कॅम्पिंगला निघणाऱ्याने ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरण्याआधी एकदा वजनकाट्यावर जाऊन यावं, असं माझं मत झालं आहे. ऊस, खडी आणि कापसाच्या कृपेने आपल्याकडे काटा शोधत फिरावं लागत नाही, आणि थोडक्या पैशांत छापील पावती हातात पडते. टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर, आत कोणी नाही, अशी गाडी आधी तोलायची. मग तंबू, पाणी, गॅस, हत्यारं आणि माणसं भरून पुन्हा एकदा. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे आपल्या हौसेचं वजन. मी जुनी जिप्सी चालवते. घेतल्यानंतर तिच्यावर जो पैसा घातला, त्यातला बहुतेक तिच्या पोटाखाली आहे आणि उभ्याने पाहणाऱ्याला तो दिसत नाही. तो तिथेच घालायला हवा होता, हे मला इथे मांडायचं आहे. कारण बाजार, व्हिडिओ आणि मित्रमंडळी नेमकं उलटं सांगतात. कॅरिअर, टपावरचा तंबू, लोखंडी बंपर, विंच, लाइट बार अशी वरून खाली उतरणारी यादी त्यांच्याकडे तयार असते, आणि तळापर्यंत पोचण्याआधीच पैसे संपतात.

जिप्सीचं उदाहरण घेण्याचं कारण म्हणजे तिच्यात हा हिशोब लपत नाही. ती १९८५ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, पुढे एमपीएफआय होऊन ताकद ८० अश्वशक्तीवर गेली, आणि २०१८-१९च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठीचं उत्पादन थांबलं. चारी चाकांना पाटे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक, रुंदी जेमतेम दीड मीटर, वजन साधारण एक टन. लष्कराने ती इतकी वर्षं वापरली त्यात या हलकेपणाचा वाटा मोठा होता. जड गाडी जिथे रुतते तिथून ही वरच्यावर निघते. आता या एका टनावर काय काय चढतं ते पाहा. पुढचे-मागचे लोखंडी बंपर ६० किलो, दोरासकट विंच ३०, कॅरिअर ३०, टपावरचा तंबू ५५, दुसरी बॅटरी २५, फ्रिज १५, मागचे प्लायवूडचे खण ४०, दोन जार पाणी ४० आणि पेट्रोलचा २० लिटरचा कॅन १५. आकडे अंदाजाचे आहेत, दहा-वीस किलो इकडे-तिकडे धरा. बेरीज तरीही तीनशेच्या पुढे जाते, आणि अजून माणूस बसलेला नाही. म्हणजे गाडीच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बोजा आपण पैसे मोजून विकत घेतला. तो ओढायला तेच ८० घोडे आणि थांबवायला तेच ब्रेक. घाट उतरताना ब्रेकचा वास येऊ लागला की दोष गाडीच्या वयाला दिला जातो. पाटे बसले की गॅरेजवाला एक पाटा वाढवून देतो. मग रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते आणि मालक शॉकॲबसॉर्बर शोधायला निघतो. एका वजनाने दुसरा खर्च काढायचा, दुसऱ्याने तिसरा, असं ते चालू राहतं.

हाच पैसा तळात कुठे जातो ते नीट सांगायला हवं, कारण जुन्या गाडीची खरी किंमत तिथेच ठरते. गाडी बघायला जाताना मळके कपडे घालावेत, टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर बरोबर घ्यावा आणि सरळ खाली शिरावं. तळाला ताजा काळा रंग मारलेला असेल तर आनंद मानू नये. गंज झाकायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. चेसिसच्या बाजूपट्ट्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सडतात, किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीत तर विशेष. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. चेसिस नंबर बोटाने पुसून वाचावा. १५ वर्षांनी पुन्हा पासिंग करायचं, त्यानंतर दर ५ वर्षांनी, आणि त्या वेळी या नंबरची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. अंक गंजाने खाल्ले असतील तर बाकी गाडी सोन्याची असून उपयोग नाही. मग पुढच्या चाकांकडे वळावं. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलला दोन्ही टोकांना चेंडूसारखे गोल असतात. त्यांवरून ग्रीस ओघळून धूळ चिकटली असेल तर सील गेलेलं आहे. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थडथडत असेल तर आधी किंगपिनच्या बेअरिंगवर संशय घ्यावा; गावोगावचे मेकॅनिक मात्र चाकांचं बॅलन्सिंग करून पाठवतात. फोर व्हील टाकून, मोकळ्या मातीत, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवल्यावर टकटक आवाज आला, तर गोलातला जॉइंट झिजलेला. ट्रान्सफर केस गिअरपेटीपासून वेगळी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. रबर मेलं की गिअर टाकताना दणका बसतो. शेवटी डिफरन्शियलचा नट सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्यावं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी पाण्यात उतरली आहे आणि नंतर कोणी तेल बदललेलं नाही. या सगळ्याला, म्हणजे सील, बेअरिंगं, बुश, क्रॉस, रेडिएटर, होज, ब्रेकचे पाइप, सगळी तेलं, मिळून एका बऱ्या विदेशी तंबूइतका खर्च येतो. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

टायरची गोष्ट तळातच मोडते, पण तिथेही टपावरची वृत्ती शिरते. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याजागी २१५/७५ आर १५ घालायची सर्रास पद्धत आहे, गाडी ‘भरलेली’ दिसते. हिशोब असा: टायरचा व्यास ६६८ मिलिमीटरवरून सुमारे ७०३ वर जातो, आणि जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. त्या बदल्यात मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ला असते आणि चढावर ताकद पाच टक्क्यांनी कमी पडते. जिप्सीचा लो गिअर मुळातच फार खोल नाही. ट्रान्सफर केसचं प्रमाण हायला १.४०९ आणि लोला २.२६८ आहे. दगडातून मुंगीच्या पावलाने चालायला ज्या थोड्या गिअरचा आधार, त्यातलाच हिस्सा मोठा टायर खातो. म्हणून मी मूळ मापच ठेवलं आणि पैसे नक्षीवर घातले. नक्षी निवडताना माती बघावी. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्याला आणि सह्याद्रीतल्या मुरुमाला साधा ऑल टेरेन पुरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसानंतर गाडी घातली की चाकाच्या दहा वेढ्यांत टायरच्या सगळ्या खाचा बुजतात आणि तो कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखा गुळगुळीत होतो. तिथे चारही चाकं फिरतात आणि गाडी जागेवर राहते. अशा वेळी रस्ता सुकेपर्यंत थांबणं हे कुठल्याही टायरपेक्षा चांगलं. वाळूत किंवा सैल मातीत मात्र हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरून लांबट पकड घेतो, आणि जो फरक पडतो तो हजारोंच्या ॲक्सेसरीजने पडत नाही. वेग कमी ठेवायचा, झटक्यात वळायचं नाही, डांबरी लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर, झालं. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याच्या हौसेबद्दल न बोललेलं बरं. भरतीला पीएसआय कळत नाही.

कायद्याची बाजूही याच मुद्द्याला जोर देते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आर.सी.वरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने राज्यांना २०१७ च्या डिसेंबरातच कळवलं होतं. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर नाक्यावर कदाचित चालेल, अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरपुढे चालत नाही. गंमत अशी की तळाच्या कामाला यातलं काहीच लागू होत नाही. ते सगळं मुळात होतं तसं परत आणण्याचं काम आहे.

यावर आक्षेप पुष्कळ घेतले जातात आणि त्यातले काही बरोबर आहेत. टपावरच्या तंबूत विंचू-सापाची भीती नाही, खाली ओल नाही, हे खरं आहे. पण दीड मीटर रुंद आणि त्याहून उंच गाडीच्या डोक्यावर ५५ किलो घेऊन तिरप्या बांधावरून जाताना काय वाटतं, तेही लक्षात घ्यावं. शिवाय रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आधी घर आवरावं लागतं. चार किलोचा तंबू, खाली जाड ताडपत्री आणि झोपण्यापूर्वी चेन पूर्ण लावण्याची शिस्त मला पुरेशी वाटते. विंचबद्दल म्हणाल तर लडाखच्या निर्जन पठारावर एकट्याने जाणाऱ्याने ती जरूर लावावी. महाराष्ट्रात रुतलेल्या गाडीपासून फार लांब नाही अशा वस्तीवर एक ट्रॅक्टर असतोच. फावडं, मजबूत पट्टा, दोन शॅकल आणि गाडीला पुढे-मागे नीट बसवलेले टोइंग हुक एवढं असलं की ट्रॅक्टरवाल्याचं काम सोपं होतं. हुक नसले की तो बिचारा दोर बांधायला जागा शोधत बसतो आणि शेवटी तो बंपरला बांधतो.

याहून अवघड आक्षेप असा की एवढं सगळं खालीच करायचं, तर फोर व्हील तरी कशाला? भंडारदऱ्याच्या किंवा पानशेतच्या पाण्याकाठी साधी बोलेरोही पोचते. कबूल. शंभर किलोमीटरच्या प्रवासात फोर व्हीलचा दुसरा लिव्हर दोन-तीन किलोमीटरच कामाला येतो, आणि डांबरीवर तो टाकायचाच नसतो, कारण मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. पण ते दोन-तीन किलोमीटर म्हणजे ओल्या गवताचा चढ, ओढा, किंवा घसरड्या मुरुमाचा उतार. उतारावर लो गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता गाडी उतरते, याचं महत्त्व चढाइतकंच आहे. तेवढ्यासाठी ही यंत्रणा बाळगायची असेल तर ती निदान चालू स्थितीत असावी. वर विंच आणि खाली वर्षानुवर्षं न टाकलेला, गंजून बसलेला लिव्हर अशा गाड्या बाजारात भरपूर आहेत.

आणि नवीनच का नाही? इथे माझी बाजू पडती आहे. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला एअरबॅग आहेत, एबीएस आहे, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. जिप्सीत यातलं काही नाही. लहान मुलांना घेऊन हायवेने लांबचे प्रवास करणाऱ्याला मी जिप्सी घ्या म्हणणार नाही. मी ती चालवते कारण मी सावकाश जाते, बहुधा दोघंच असतो, आणि तिच्या तळातला प्रत्येक भाग मला नावाने माहीत आहे. पेट्रोल पंपावर ‘कॅरिअर नाही लावलंत?’ असं विचारलं जातं. त्या कॅरिअरच्या पैशांत किंगपिनचे दोन सेट आले. एक बसवलेला आहे, दुसरा ग्रीसच्या डब्यासोबत मागच्या सीटखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला.