सेटलमेंटची चिठ्ठी

२०२० च्या टाळेबंदीत आमचे तयार कपड्यांचे दुकान बसले. ईदसाठी भरलेला माल तसाच पडून राहिला आणि घर माझ्या पगारावर नि ह्यांच्या क्रेडिट कार्डावर चालू लागले. मी शाळेत शेकडेवारी शिकवते. तरीही बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरली की महिना निभावला, असेच मला वाटायचे.

एका रात्री वही घेऊन बसले. बाकी ८० हजार. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,८०० रुपये, त्या व्याजावर जीएसटी ५०४. आम्ही भरायचो चार हजार. म्हणजे नवी खरेदी न करताही कर्ज उतरायचे फक्त ६९६ रुपयांनी! ज्या व्याजाला आपण हराम म्हणतो, ते आम्ही दरमहा मुकाट्याने भरत होतो.

पुढे तेही जमेना. बाकी फुगत गेली, फोन सुरू झाले, कधी रात्री दहालाही. सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे, हे मला फार उशिरा कळले. कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याची वाट एका वकिलांनी सांगितली. सासूबाईंनी घरात तो शब्दही काढू दिला नाही. शेवटी माझ्या बांगड्या मोडून बँकेशी तडजोड केली. १ लाख १० हजारांऐवजी ६५ हजार. सेटलमेंटची चिठ्ठी हातात आली त्या दिवशी ह्यांनी शुकराण्याच्या दोन रकअत पढल्या.

गेल्या वर्षी मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी ह्यांचे नाव सहअर्जदार म्हणून दिले. अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. सिबिलच्या नोंदीत त्या कार्डासमोर ‘सेटल्ड’ होते, ‘क्लोज्ड’ नव्हे. आमच्या लेखी मिटलेले, बँकांच्या लेखी अर्धवट फेडलेले. (हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. आम्ही कधी मागवलाच नव्हता.) मुलीच्या अर्जावर मग माझे एकटीचे नाव लागले.

मला राग आला. सोडलेले ४५ हजार बहुतेक व्याजच होते, आता ते कशाला द्यायचे? हे शांतपणे म्हणाले, “पैसे तर आपणच उचलले होते ना? कर्ज मानेवर घेऊन मला मरायचे नाही.” यावर आमचे आठवडाभर वाजले. मग भिशी उचलून रक्कम भरली, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि नोंद बदलून घेतली.

आता वीस हजारांची ठेव तारण ठेवून ह्यांनी नवे कार्ड घेतले आहे. त्यावर फक्त विजेचे बिल भरतो आणि मुदतीआधी पूर्ण रक्कम चुकती करतो. ठेवीवर येणारे व्याज घरात वापरायचे नाही, एवढे ठरले आहे.

परवा मुलीचा होस्टेलवरून फोन आला. “अम्मी, इथे मुलींना कार्ड देतायत, घेऊ का?” मी त्या वहीच्या पानाचा फोटो काढून तिला पाठवला.