जेवणघराचे पडदे

जेवणघराला पडदे घ्यायला आम्ही डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात गेलो. चार फूट खिडकीला चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे आठ फूट कापड. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हा हिशेब सोपा. घोडे अडले रंगाशी. आईने पांढरे उचलले. आमची खिडकी रस्त्याकडे. खनिजाचे ट्रक धावत तेव्हा तिथे विटकरीच पडदे असत, धूळ दिसू नये म्हणून! २०१२ साली खाणी थांबल्या, मधे सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. पडदे स्वच्छ राहू लागले, बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला नि ताटातली मासळी आटली. २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली.

"पांढरे मळतील गो," मी म्हटले.

"मळू देत. धुवीन."

ट्रकाला नुकतेच नवे टायर घातलेले बाबा मात्र विटकरी कापडाचा भाव विचारीत होते.